दोन ताटं

कोन्सुएलो, १४ जुलै १९७१

चि. नेरेओस अ. उ. आ.

हे आशीर्वाद आईने लिही म्हटलं म्हणून लिहिले. तू समोर असतास तर मी कानाखालीच वाजवली असती.

रविवारी कोपऱ्यावरच्या बिएन्वेच्या दुकानात सगळी वस्ती रेडिओला चिकटली होती. आपल्या कारखान्याच्या वस्तीतली दोन पोरं, तीही सख्खी भावंडं, अमेरिकेतल्या हाडवैरी संघांकडून बेसबॉल खेळतायत म्हटल्यावर कोण घरी बसणार? आणि ऐकायला काय मिळालं, तर मारामारी पेटली, दोन्ही संघ मैदानात घुसले आणि नेरेओने थोरल्या भावाचा गळा धरला! आई हिरवी केळी सोलत होती. ती तशीच टाकून, कुणाशी न बोलता घरी गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

मी काही विसरले नाहीये. दोन वर्षांपूर्वी तुमच्या पिचरने अंगावर चेंडू मारून त्यांचा गडी पाडला, म्हणून त्यांच्या मॅनेजरने चेंडू टाकणाऱ्या आपल्या लेओन्सिओला सांगितलं की पुढे बॅट घेऊन येईल त्याला तसाच पाड. पुढे आलास तू. त्याने तुझ्या गालाचं हाड मोडलं. भाऊ समोर आल्यावर तुमचा तो बदल्याचा रिवाज गेला खड्ड्यात, असं त्याने म्हणायला हवं होतं. पण तेव्हापासून नाताळच्या रात्री तू येणार असलास की तो येत नाही, तो आला की तू नाहीस. आई दरवेळी दोघांची ताटं मांडते आणि एक कोरंच उचलते. ते उचलताना तिचं तोंड बघवत नाही रे.

आई डोळे मिटायच्या आत तुम्ही दोघं एकदा तरी एका टेबलाशी बसा, एवढंच मागणं आहे. रागावले असले तरी तुझीच,

एनेइदाताई

*

क्लीव्हलँड, २६ जुलै १९७१

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कान पुढे करूनच लिहितोय. पण आधी ऐकून घे, मग वाजव.

भांडण सुरू केलं दुसऱ्याच दोघांनी. पण एकदा पेटलं की बाकावर कुणी बसून राहायचं नाही, असा आमच्यात नियम आहे. गुडघे गेलेला म्हातारा गडीसुद्धा धावतो. न धावणाऱ्याचं तोंड पुढे कुणी बघत नाही. आता गंमत सांगतो. बहुतेकजण मारायला धावतच नाहीत. पलीकडचा ओळखीचा माणूस शोधायचा, त्याला घट्ट धरायचं आणि गर्दी पांगेपर्यंत उभं राहायचं. लोकांना वाटतं झोंबी चाललीय, आणि ते दोघं एकमेकांच्या बायकापोरांची चौकशी करत असतात! एरवी मैदानावर पलीकडच्याशी शब्द जरी बोललो तरी दंड होतो.

मी मात्र खरोखर मारायलाच धावलो होतो. खोटं कशाला बोलू? दादा पार टोकाच्या कुंपणापासून धावत आला. मी मूठ उगारली. त्याने दोन्ही हात खाली सोडले आणि म्हणाला, मार, पण लवकर मार, लोक येतायत. ताई, माझा हातच चालेना. त्याच्या मानेत हात घातला आणि धरून ठेवला. त्याने माझ्या कमरेला मिठी मारली. तेवढ्यात बाकीचे धबाधब अंगावर पडले. त्या ढिगाखाली त्याने मला काय विचारावं? आईचे गुडघे कसे आहेत! मी म्हटलं, जिना चढवत नाही तिला. पुढे काही बोलणार तोच पंचांनी ओढून बाजूला केलं.

सामना संपल्यावर मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दादा मान खाली घालून समोरून गेला आणि बसमध्ये चढला. त्याला लाज, मला ताठा. मैदानात हातांना जमलं ते बाहेर तोंडाला जमलं नाही. त्या मिठीनंतर मला नीट झोप नाही. आईला एवढं वाचून दाखव.

तुझ्या रागालाही पात्र असलेला,

नेरेओ

*

कोन्सुएलो, १२ ऑगस्ट १९७१

चि. नेरेओस अ. उ. आ., आणि हे माझे स्वतःचे.

पत्र आईला वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाली, पुन्हा वाचलं. मग विचारलं, दोघांचा परत सामना कधी? सप्टेंबरात, म्हटलं.

आता ऐक. इतकी वर्षं आल्ताग्रासियाच्या मातेपुढे मेणबत्ती लावून ही बाई म्हणायची, माझ्या पोरांच्या सामन्यात मारामारी नको. आता रोज लावते ती मारामारी होऊ दे म्हणून! अगदी मोठी नको, म्हणते, हाड न मोडणारी. पाद्री रागावले, तर त्यांना म्हणाली, तुम्हाला लेकरं असती तर कळलं असतं. मी हसले खरी, पण स्वयंपाकघरात जाऊन रडले.

अंगाला जप. म्हणजे फार जपू नकोस.

तुझी ताई

*

क्लीव्हलँड, २८ सप्टेंबर १९७१

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बिएन्वेचा रेडिओ परत बोंबलला असेलच. आता खरं काय ते सांगतो.

पहिले दोन दिवस सगळे चर्चमध्ये आल्यासारखे सभ्य. कुणी कुणाला वाकडा शब्द बोलेना. मला वाटलं, गेलं हे वर्ष. शेवटच्या दिवशी सामना आम्ही हरल्यातच जमा होता. दादा चेंडू टाकायला आला आणि समोर बॅट घेऊन मी. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग जो चेंडू टाकला तो कसा म्हणशील? लहानपणी गल्लीत मोज्याचा चेंडू करून मला शिकवताना टाकायचा ना, तस्सा, हळू. माझ्या बाहीला नुसता लागून गेला. म्हातारीलाही चुकवता आला असता. मी चुकवला नाही.

दादाने हातमोजा काढून खाली टाकला आणि वाट बघत उभा राहिला. मी बॅट फेकली आणि धावत सुटलो. मागून दोन्ही संघ धावले बिचारे, नियमच आहे. त्या ढिगाखाली मी त्याला दादा म्हणून हाक मारली, दोन वर्षांनी. तो लहान पोरासारखा रडत होता.

दोघांनाही दंड झाला आणि उरलेल्या सामन्यांतून हाकललं. भांडण कशावरून, म्हणून दोन्ही मॅनेजरांनी खोदखोदून विचारलं. आम्ही काही सांगितलं नाही. पेपरात आमच्या वैराबद्दल काय काय छापून येईल, येऊ दे. आईला सांग, नाताळला डुक्कर मोठं बघून ठेव, केळीच्या पानातले पास्तेल भरपूर कर, आणि दोन्ही ताटं मांड. यंदा कोरं काही उचलायचं नाही.

तुमच्या पायांशी लवकरच येणारा,

नेरेओ

ता. क. ताई, हा मला नीट सांगत नाही. आईचे गुडघे आता कसे आहेत? — लेओन्सिओ