पाठीकडून काढलेला फोटो

मॅडम, तुमच्या वसईच्या क्लिनिकातल्या डार्करूमचा तो आंबट वास अजून माझ्या नाकात आहे. रेडिऑलॉजीची एम.डी. झाले आणि थेट तुमच्या हाताखाली आले. एक दिवस तर डोळ्यांपुढेच आहे: पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मावशी सोनोग्राफीच्या टेबलावरून विचारतेय, "बाय, किडनी बरी हाय नं?" आणि तुम्ही म्हणताय, "जागेवर आहे. काम किती करते, ते माझं मशीन सांगत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि अवयव काम किती करतो ते दाखवणारं न्यूक्लिअर मेडिसिन शिकायला मी निघाले. दोन्ही विषय हवे असतील तर तेव्हा एक संपवायचं आणि दुसरं पहिलीपासून सुरू करायचं, एवढाच रस्ता होता. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर झालीस ना? मग पुन्हा शाळा कशाला?"

शाळाच ती, आणि पहिल्याच आठवड्यात मी तोंडघशी पडले. एक्स-रे वाचताना पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरायचं. त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे. हाडांच्या स्कॅनमध्ये पाठीकडूनही फोटो काढतात, तिथे उजवं ते उजवंच. मी सवयीने उजवी बरगडी डावी ठरवून मोकळी. "एक्स-रेवाल्या बाई आल्या!" वर्गातली माझ्याहून लहान पोरं फिदीफिदी हसली. रविवारी मी तुमच्या गास गावातल्या घरी आले. तुम्ही ओट्याशी केळफूल सोलत होतात. मी म्हटलं, "आता नाही जात मी. इथेच तुमच्याजवळ बसते." तुमचे गुडघे गेले होते, क्लिनिकला माणूस हवं होतं, हे मला दिसत होतं. तुम्ही भडकलात. "उभी राहा. पाठ कर माझ्याकडे. उजवा हात वर कर." मी केला. "माझाही उजवा त्याच बाजूला आहे. एवढंच चुकलं तुझं. त्यासाठी पळून येतेस? अर्धवट शिकलेली मला नको." मग डब्यात भाजी भरून दिलीत आणि रिक्षा थांबवलीत.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी आकार दाखवणारं आणि काम दाखवणारं अशी दोन्ही मशीनं एकात आली, आणि दोन्ही वाचणारं माणूस शोधत लोक माझ्याकडे आले. हे दोन विषय पहिल्यापासून एकत्र शिकवावेत का, यावर आज आमच्या रिपोर्ट लिहायच्या खोलीत कडाकडा भांडणं होतात. त्यात मीच सगळ्यात मोठ्याने बोलते. मॅडम, तुमचे उपकार फार आहेत, ते फिटायचे नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या रविवारी मी तुमच्या तोंडून "राहा" ऐकायला आले होते. तुम्ही एकदा म्हणाला असतात, तर राहिले असते. मला वाटतं, ते तुम्हालाही ठाऊक होतं.