‘पेशंट परत आला नाही’

३ जुलै
पाटनहून रामवतीबाई आल्या. मार्चमध्ये गहू कापताना विळ्याने दोन बोटं वळवणारे दोर, टेंडन, तुटलेले. डॉक्टर सरांनी शिवले, चार आठवडे प्लास्टर. बोटं अजून वळत नाहीत. “दीदी, आटा भी नहीं गूँथा जाता.” बोटं किती वळतात तो कोन मोजण्याआधी जुनी नोंद उघडली. कॉम्प्युटर म्हणतो, पेशंट परत आला नाही! बाई तिसऱ्यांदा माझ्यासमोर स्टुलावर बसलेल्या. आधीचे दोन्ही कोन मीच भरले होते.

४ जुलै
जेवणाच्या सुट्टीत सगळ्या नोंदी चाळल्या. प्लास्टरनंतर ज्यांची बोटं आखडली, ते सगळे ‘आले नाहीत’. वळली तेवढेच हजर. प्रत्येक बदलाखाली नाव माझं. पासवर्ड फक्त सरांना दिलेला, विश्वासाने. मूर्ख बाई मी.

५ जुलै
विचारलंच. सर हसले. “काहून एवढं मनाला लावून राहिली, शालू? आपल्याच दवाखान्याचं नाव खराब करतं का?”
देशभरातल्या हातांच्या नोंदी एका यादीत येतात, प्लास्टर बरं की लवकर हालचाल ते त्यावरून ठरणार, हे मला शिकवलं कोणी? यांनीच. बाबा गेले तेव्हा खांदा दिला, ही नोकरी लावून दिली. परका असता तर इतकं लागलं नसतं. केसाने गळा कापला.

८ जुलै
कांचघर मोहल्ल्यातला शिंपी. काच लागून अंगठ्याचा टेंडन तुटलाय. सरांनी तेच प्लास्टर लिहिलं. म्हटलं, सर, याला तरी लवकर हलवू. अंगठा आखडला तर कैची कशी धरणार?
“आपले आकडे बघ ना.”
आकडे! आखडलेले वगळून केलेले. रागाने रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

१० जुलै
यादीच्या मुख्य ऑफिसातून फोन, सरांच्याच खोलीत. मॅडम म्हणाल्या, बाकी ठिकाणी न येणारे पेशंट सगळ्या प्रकारच्या उपचारांचे, तुमच्याकडे फक्त टेंडनवर प्लास्टर घातलेले. “शालिनी जी, ये एंट्री आपने की है?”
सर समोर चष्मा पुसत होते.
“जी, नाम मेरा है.”
“नाम तो मैं भी देख रही हूँ. की किसने?”
मी सरांकडे पाहिलं. उद्या अकराला परत फोन करते म्हणाल्या.

संध्याकाळी सर घरी आले. आईच्या पाया पडले, चहा घेतला, तिच्या गुडघ्याची चौकशी केली. फोनबद्दल अवाक्षर नाही. गेल्यावर आई म्हणाली, “केवढा मोठा डॉक्टर, पण आपल्याला विसरला नाही.”
मी कपबशा उचलल्या. आईला काय सांगू? आणि उद्या अकराला मॅडमना?