पत्त्याच्या रकान्यात सोलापूर

पुणे,
दि. ११ मार्च १९७४

ती. अप्पांना,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. कार्डावर एकूण सात ओळी, त्यातल्या तीन उन्हाच्या आणि दोन सुताच्या भावाच्या. उरलेल्या दोन ओळींत आपण मजेत असल्याचं लिहिलंय, ते मी खरं धरलेलं नाही. अव्वा गेल्यापासून तुम्ही संध्याकाळचं जेवता की चहावरच भागवता, हे पुढच्या पत्रात स्पष्ट लिहावं.

माझं काम वाढलंय. आमच्या संस्थेनं लहान कारखान्यांच्या मालकांसाठी वर्ग सुरू केलेत आणि ते माझ्याकडे दिलेत. कामगारांचे कायदे बदलताहेत. हजेरीपट, नेमणुकीचं पत्र, ग्रॅच्युइटी, माणसाची तक्रार ऐकून घ्यायची रीत, या सगळ्याला मालकांनी वेळेवर तयार व्हावं असा हेतू आहे. दर शनिवारी वीस-पंचवीस मालक समोर बसतात, बहुतेक तुमच्याच वयाचे. मी बोलायला लागले की हाताची घडी घालतात. शेवटी एकजण उठून सांगतोच, की आमच्याकडे सगळी घरचीच माणसं आहेत बाई, आम्हाला कागद कशाला. तेव्हा मला तुम्हीच उभे राहिल्यासारखे वाटता.

मी जगाला शिकवते आणि आपल्या बारा मागांच्या कारखान्यात एकाही माणसाकडे नेमणुकीचं पत्र नाही, याची मला लाज वाटते. राजेसाबचाचा बावीस वर्षं आपले जॉबर आहेत. माग बिघडला की दुरुस्त करून चालता करणारे तेच, सगळे माग त्यांच्या जिवावर चालतात. पण ते आपल्याकडे होते हे उद्या दाखवायचं झालं तर कशावरून दाखवायचं? सोबत नमुना पाठवते. नाव, पत्ता, काम, लागल्याची तारीख भरा, सही करा आणि ज्याचं त्याच्या हातात द्या. देताना नीट समजावून सांगा. एवढं माझ्यासाठी करा.

मी बरी आहे. दिवसभर बोलून घसा बसतो आणि खोलीवर आलं की बोलायला कुणी नसतं, एवढंच.

जिवाला जपावं, आणि पुढचं कार्ड आठ ओळींचं असावं.

तुमची,
महानंदा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

साखर पेठ, सोलापूर
दि. २० मार्च १९७४

चि. महानंदा हीस सिद्धलिंगप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओळी मोजतेस म्हणून या खेपेला कार्डाऐवजी आंतर्देशीय घेतलंय. जेवतो. शेजारच्या शिवबाई भाकरी देतात. कधी दोन खातो, कधी एक. आता समाधान झालं असावं.

तुझा नमुना वाचला. वाचला म्हणजे वरवर पाहिला. शाळेत तुला शाई आणून दिली ती मीच, आणि आता त्याच शाईनं तू मला नोटिसा पाठवतेस. तुझ्या वर्गात उठून बोलणारा तो गृहस्थ मला शहाणा वाटला. आपल्याकडे सोळा माणसं. दसऱ्याला मागाची पूजा झाली की सगळी माझ्याच पंक्तीला बसतात. कुणाच्या घरी लग्न निघालं तर चादरी माझ्याकडून जातात. यात कायदा कुठं बसवू?

राजेसाबचं म्हणशील तर त्याच्याइतकं जवळचं मला या गावात आता कुणी उरलेलं नाही. तुझी अव्वा गेली, तू पुण्याला गेलीस, भाऊबंद दुधनीला. चार वाजता हॉटेलातून दोन कप येतात, एक त्याचा, एक माझा. कारखान्याच्या कोपऱ्यातल्या लाकडी खोलीत आम्ही बसतो. माग चालूच असतात, त्यामुळे ओरडून बोलावं लागतं, पण पाऊण तास कसा जातो कळत नाही. मी भावकीचं गाऱ्हाणं सांगतो, तो माझ्याकडे बघत मान डोलावतो. इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकत नाही, तूसुद्धा नाही. दिवसातलं माझं बोलणं म्हणजे तेवढंच. अशा माणसाच्या हातात मी छापील कागद ठेवू? तो काय म्हणेल?

पण तू माझ्यासाठी असं लिहिलंस, तिथं मी हरलो. पाडव्यानंतर कारकुनाकडून कागद करून घेतो.

तब्येत सांभाळ. घशासाठी ज्येष्ठमध चघळ. आशीर्वाद आहेतच, ते नमुन्यात भरावे लागत नाहीत.

अप्पा


सोलापूर,
दि. २४ एप्रिल १९७४

चि. महानंदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नादी लागून मी तीन दिवस मोकळ्या कारखान्यात बसलो, ते आधी ऐक.

सोमवारी सकाळी सगळ्यांना कागद दिले. समजावून सांग म्हणाली होतीस, तर सांगितलंही. मधे उभा राहून मोठ्यांदा बोललो की हे तुमच्या भल्याचं आहे, जपून ठेवा. माग चालू होते. पाच मिनिटांच्या भाषणासाठी बारा माग कोण बंद ठेवणार? सगळ्यांनी कागद घेतले, कपाळाला लावले. मला बरं वाटलं. चार वाजता दोन कप आले, पण राजेसाब आला नाही. संध्याकाळी टेबलावर त्याची पान्या-हत्यारांची पिशवी दिसली. ती तो कधी नजरेआड करत नाही. मला वाटलं, विसरला.

मंगळवारी एकही माणूस आला नाही. बुधवारीही नाही. बारा माग गप्प, आणि मी एकटा. त्या शांततेत मला घरात बसवेना आणि कारखान्यातही बसवेना. संप म्हणावा तर मागणी नाही. कुणाला बोलावून आणावं म्हणून तुझे कागद काढले, तर पत्त्याच्या रकान्यात सोळाही ठिकाणी सोलापूर. कारकुनानं मला विचारलं होतं आणि मीच तसं सांगितलं होतं. आपलीच माणसं, त्यांचा पत्ता कशाला, असं वाटलं होतं.

गुरुवारी कांड्या भरणारी मल्लव्वा आपला बसायचा पाट न्यायला आली. दारातच रडायला लागली. म्हणाली की मालक, काय चुकलं ते तरी सांगा आन् मग काढा की. तेव्हा उलगडा झाला. यातली निम्मी माणसं आधी गिरणीत होती. गिरणीत ज्याच्या हातात कागद पडला त्याला दुसऱ्या दिवशी दार बंद. साहेबाकडून दुसरा कागद त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. वाचता येणारे दोघे, त्यांनीही वाचला नाही. वाचून काय बदलणार होतं, असं त्यांचं म्हणणं. मी मल्लव्वाला अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. मग तीच घरोघर फिरली आणि शुक्रवारी माग सुरू झाले.

राजेसाबही आला. पण बावीस वर्षांचा माणूस, त्यानं मला एका शब्दानं विचारू नये? मी त्याला काढीन, हे त्याला खरं वाटलंच कसं? हे मला फार लागलं आहे. चहा आम्ही घेतो, पण गोडी गेली.

तुझा,
शिकाऊ मालक, अप्पा


पुणे,
दि. ७ मे १९७४

ती. अप्पांना सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग फार वाईट वाटलं. चूक माझी. कागद कसा करायचा ते मी लिहिलं. तो हातात पडल्यावर माणसाला काय वाटेल हे मला सुचलं नाही. या शनिवारी वर्गात नाव न सांगता तुमची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा सगळ्यांनी हाताच्या घड्या सोडल्या. एक म्हातारे मालक नंतर येऊन म्हणाले की मलाही माझ्या माणसांची घरं ठाऊक नाहीत.

सोलापूर सोलापूर सोळा वेळा लिहिणाऱ्या मालकाला माझ्या परीक्षेत शून्य मार्क. तरी पत्र दिलंत म्हणून पास.

राजेसाबचाचांवर रुसू नका. त्यांनी विचारलं नाही हे खरं, पण तुम्हीही एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं नाहीत.

एक महत्त्वाचं. तो नमुना मोठ्या कारखान्यांसाठी केलेला आहे. शेवटच्या परिच्छेदात अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तीचं कलम आहे. आपल्याकडे ते ठेवायलाच हवं असं नाही. चाचांचं वय काय? ते कलम तुम्ही खोडलं होतं ना? लगेच कळवा.

वाट पाहते.

महानंदा


सोलापूर,
दि. ३ जून १९७४

चि. महानंदास आशीर्वाद.

तुझं पत्र रेल्वेच्या संपात कुठं पडून होतं कोण जाणे, २९ मेला मिळालं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कलम मी खोडलं नव्हतं. वाचलंच नव्हतं. राजेसाबनं मात्र शेजाऱ्याकडून सगळा कागद वाचून घेतला. २५ तारखेला शाळेचा दाखला घेऊन आला. जन्म १ जून १९१६, मास्तरांनी अंदाजानं लिहिलेला. म्हणाला की येत्या शनिवारी माझी अठ्ठावन्न भरतात. मी पेन काढून ते कलम खोडायला गेलो, तर त्यानं कागदावर हात ठेवला. म्हणाला की या कागदानं मालकबी बांधला जातो आन् कामगारबी, असं पोरांस्नी मीच सांगितलं हाय, आता पैलं माझ्याच नावचं खोडलं तर बाकीचे काय समजतील. मी म्हणालो, मुदत वाढवून देतो. तो नुसता हसला. मी हट्ट केला, ओरडलो, शेवटी हात जोडले. त्यानं तेही हात खाली घेतले आणि पान्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

शनिवारी फेटा बांधला, नारळ दिला, आपली चांगली चादर खांद्यावर घातली. सगळी माणसं रडली. मी आवरलं.

आज चार वाजता हॉटेलातून सवयीनं दोन कप आले. सांगायचं राहिलं होतं. एक मी घेतला, दुसरा तसाच निवत राहिला. त्यावर साय धरेपर्यंत मी बघत बसलो. तुझ्यावर राग नाही, पण तू मला कशासाठी तयार केलंस तेही कळत नाही. चार वाजल्यानंतर काय करायचं, हे तुझ्या नमुन्यात नाही.

अप्पा


पुणे,
दि. १० जून १९७४

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. तुम्हाला सांभाळायला म्हणून कागद पाठवला आणि तुमचा एकुलता सोबती मीच काढून घेतला, असं झालं. मला क्षमा करा. इथं संध्याकाळी मीही एकच कप करते, म्हणून तो दुसरा कप मला फार दिसत राहतो.

पण अप्पा, एक सांगू? चाचा आता तुमचे कामगार नाहीत, तुम्ही त्यांचे मालक नाही. बावीस वर्षं ते तुमच्याकडे येत होते, आता तुम्ही जा. मल्लव्वाला पत्ता विचारा आणि रकान्यात लिहूनही ठेवा.

गेल्यावर काय झालं ते सगळं लिहा. ओळी मोजणार नाही.

तुमची अपराधी,
महानंदा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
दि. २५ जून १९७४

चि. महानंदा हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

रविवारी गेलो. विजापूर वेशीच्या पलीकडे, बोळात चौथं दार. नळावर एका बाईनं विचारलं की कोण पायजे, तुमी कोण. मालक म्हणायची जीभ होईना. दोस्त म्हणावं तर दोस्ताचं घर विचारत फिरतोय. शेवटी म्हणालो, त्यांच्या कारखान्यातला आहे.

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, थंडगार. राजेसाब भिंतीकडं तोंड करून खाटेची सुंभं आवळत होता. मी दारातून हाक मारली. त्यानं पाहिलं नाही. पुन्हा मारली, तरी नाही. मला वाटलं, राग अजून गेला नाही, आणि मी मागं फिरलो. तेवढ्यात त्याची बायको सरदारबी चुलीपासून उठून आली, तिनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि माझ्याकडं बोट केलं. मला बघून तो असा हसला की मी चप्पल घालूनच आत गेलो.

चहा झाला. मी नेहमीसारखं भावकीचं बोलायला लागलो. घर शांत, म्हणून हळू बोललो, मान खाली घालून. तो वाकून माझ्या तोंडाकडं बघायला लागला. सरदारबी म्हणाली की वर बघून बोला मालक, त्यास्नी ऐकाया येत न्हाय, धा-बारा वर्सं झाली, मागाच्या आवाजानं कान गेले, तुमास्नी ठावं न्हवतं व्हय.

मला ठाऊक नव्हतं. रोज पाऊण तास मी त्याच्यासमोर बसत होतो. तो माझे ओठ बघत होता आणि मला वाटत होतं की ऐकतोय. कारखान्यात कुणीच कुणाचं ऐकत नाही, सगळे तोंडाकडं आणि हाताकडं बघतात, त्यात कोण खरोखर बहिरा हे कळायला वाव नाही. वीज जाऊन सगळं शांत झालं की तो मागाखाली शिरायचा. सुट्टीच्या दिवशी आम्ही कधी भेटलोच नाही. त्यानं मुदत का घेतली नाही तेही सरदारबीनं सांगितलं. बिघाड ऐकू येईना म्हणून तो मागावर हात ठेवून ओळखायचा. आताशा हातालाही चुकायला लागलं होतं आणि कुणाला इजा होईल याची त्याला भीती होती. मला सांगायची लाज वाटली म्हणे. बहिरा जॉबर कोण ठेवतो, असं त्याला वाटलं. पोरी, मी ठेवला असता. पण हे त्याला ठाऊक नव्हतं, यात त्याची काय चूक?

घरी येऊन मला तुझ्या अव्वाच्या माघारी आलं नव्हतं इतकं रडू आलं. लिहायला संकोच वाटत नाही.

काल सकाळी कारखान्यात गेलो आणि मेन स्विच बंद केला. बारा माग थांबले. माणसं घाबरली, त्यांना वाटलं पुन्हा कागद आले. मी सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं राहायला सांगितलं, आणि मागून एकेकाचं नाव घेऊन हाक मारली, घरात मारतो तशी. पंधरांपैकी सहा जण वळले नाहीत. हाक संपली तरी भिंतीकडं बघत उभे होते. त्यातला एक तर अजून तिशीतही नाही.

त्या सहा जणांना पुण्याला आणतो. चांगला डॉक्टर बघून ठेव. तुझ्या कायद्यात कानाचं काही आहे का तेही बघ, आणि नसलं तरी कळव. रविवारी मी राजेसाबकडे जातो. वर बघून बोलायला शिकतोय, वेळ लागतो.

तुझ्या पत्रांची वाट बघत बसणाऱ्याचा लोभ तुला माहीत आहे. आणखी एक. परवा शिवबाई भाकरी घेऊन दारात बराच वेळ उभ्या होत्या म्हणे. तू दिवाळीला आलीस की मी पाठमोरा असताना मलाही एकदा मागून हाक मारून बघ.

अप्पा