काळी इम्पीरियल, पांढरं दार

मी, वेड हार्लन प्रूइट, वय वर्षे सव्वीस, सध्या राहणार कुठेच नाही, पण पत्र पाठवायचंच तर व्हेल्मा आत्याच्या घरी, टिल्सन काउंटी, इंडियाना, आज पूर्ण शुद्धीत, बिअरचा थेंबही न घेता, कोणी गळा धरून लिहायला न लावता, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवतो. डोक्याला आजवर चार वेळा जबर मार बसला आहे हे खरं आहे. पण गुरांचे डॉक्टर फाउट्स यांनी आत्ताच माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, "बैल असतास तर खाटकाकडे पाठवला असता. सही करण्यापुरता ठीक आहेस." ते साक्षीदार आहेत. यापूर्वी मी नेब्रास्कात सिगारेटच्या पाकिटावर एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात सगळं एका कुत्रीला दिलं होतं. ते रद्द समजावं. कुत्री माझ्याआधी गेली.

हे मी जत्रेत, ओपल स्ट्रिकलरबाईंच्या भाजलेल्या कणसांच्या तंबूत बसून लिहीत आहे. कागदाला लोणी लागलं आहे, त्याबद्दल माफी. उद्या शनिवारी दुपारी दोन वाजता समोरच्या मैदानात टक्कर आहे आणि तिच्यात मी उतरणार आहे.

हा कागद वाचणारे कोर्टातले साहेब शहरातले असतील, म्हणून सांगतो. मैदानावर पाणी मारून चिखल करतात आणि त्यात दहाबारा जुन्या गाड्या सोडतात, काचा काढलेल्या, दारं साखळीने बांधलेली. एकमेकींना ठोकत राहायचं. शेवटी जी हलते ती जिंकली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार पांढरं रंगवलेलं असतं, त्याच्यावर मारायचं नाही. आणि त्या दाराच्या वर, खांबाला, हातभर लांबीची लाकडी काठी बांधलेली असते. आता पुरे असं वाटलं की हात बाहेर काढून आपली काठी आपणच मोडायची. काठी मोडली की त्या गाडीला कोणी शिवायचं नाही. नियम हे दोनच. बाकी काय वाटेल ते चालतं.

कलम १. हे सगळं पार पाडायचं काम माझी आत्या व्हेल्मा प्रूइट हिच्याकडे. ती ओरडेल. ओरडू द्यावं.

कलम २. माझे बूट, झोपायची वळकटी आणि पाळण्यावाल्यांच्या फडात मिळालेला चाकू, ज्याला लागतील त्याने न्यावेत. बँकेत काही नाही. बँकेत मी एकदाच गेलो, तेही पाऊस होता म्हणून.

कलम ३. शेडच्या भिंतीवरचे तुकडे. माझे वडील हॉलिस प्रूइट यांनी आयुष्यभर एकाच जातीची गाडी लढवली, इम्पीरियल. नवी आम्हाला कोण देतो? ती आधी डॉक्टरची असायची, मग डॉक्टरच्या विधवेची, मग एखाद्या शेतकऱ्याची, मग त्याच्या कोंबड्यांची आणि शेवटी आमची. दर पिढीची एक खूण बापाने शेडच्या भिंतीला ठोकली आहे. त्यांची वाटणी अशी:

सत्तावन्न सालच्या गाडीचं शेपूट, म्हणजे मागचा उभा पत्रा, माशाच्या परासारखा. ते ऑर्व्हिल टेट यांना द्यावं. ते जत्रा कमिटीचे अध्यक्ष आहेत. अडुसष्ट साली बाप वीस वर्षांचा होता आणि त्याची ही पहिली टक्कर. याच पत्र्याने ऑर्व्हिल टेट यांच्या गाडीचं दार फाडून मांडी उसवली. बेचाळीस टाके. ते अजून लंगडतात आणि अजून म्हणतात की, "हॉलिसने मुद्दाम केलं." मुद्दामच केलं होतं. बाप स्वतः सांगायचा.

पासष्ट सालच्या गाडीच्या नाकावरचा गरुड व्हेल्मा आत्याला. चौसष्ट ते सहासष्टची ही गाडी म्हणजे खाली जाड लोखंडाची चौकट आणि वर नुसता दिमाख. चौऱ्याहत्तर साली बापाने हिच्यात बसून चौदा मिनिटांत अकरा गाड्या संपवल्या. दोघांना स्ट्रेचरवरून नेलं, त्यातला एक हिवाळाभर नळीने सूप प्यायला. आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ चालूच होतं. पुढच्या आठवड्यात ऑर्व्हिल टेट यांनी नोटीस लावली की सहासष्टपर्यंतच्या इम्पीरियल टकरीत कायमच्या बंद. बापाने ती नोटीस फाडून आणली आणि जेवायच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवली. आम्ही जेवणाआधीची प्रार्थना तिच्याखाली म्हणायचो.

अडुसष्टचं स्टिअरिंग. हे कोणालाही देऊ नये, नदीत टाकावं. सदुसष्टपासून खालची चौकट गेली. दिसायला तोच रुबाब, पण तिसऱ्या धडकेला गाडी कमरेतून बसायची, म्हशीसारखी. मी बारा वर्षांचा असताना बापाने अशीच एक मेलेली अडुसष्ट सोयाबीनच्या रानात उभी केली, मला आत बांधलं आणि दुसऱ्या गाडीने ठोकलं. धडकताना डोळे मिटायचे नाहीत, हे शिकवायला.

"मिटलेस!"

"नाही मिटले, बाबा."

"मिटलेस, मी पाहिलं. पुन्हा."

चार वेळा. दुसऱ्या वेळी दात पडला, तिसऱ्या वेळी जीभ तुटता तुटता राहिली. पाचव्या वेळी बाप गाडी मागे घेत असताना माझा भाऊ डॅरेल, वय पंधरा, कुंपणावरून उडी मारून आला, माझा पट्टा सोडला, मला कॉलर धरून बाहेर फेकलं आणि स्वतः आत बसला. "मला ठोका," म्हणाला, "त्याचं रक्त पुसायला कोणाला वेळ आहे?" बापाने ठोकलं. डॅरेलच्या गळ्याखालचं हाड मोडलं. डोळे उघडे होते.

हे आधी सांगायला हवं होतं. डॅरेलबद्दल पुढे जे येणार आहे ते वाचताना हे विसरू नये.

ब्याऐंशीच्या गाडीचा काटे नसलेला मीटर, आकडे दिव्यांनी उमटायचे तो, ओपलबाईंच्या नातवंडांना खेळायला. ती गाडी दोन दारांची, दिसायला देखणी, पहिल्याच धडकेला गेली, नुसते आकडे चमकत राहिले. एक्याण्णवची नावाची पाटी कोणालाही. ती पुढच्या चाकांवर चालायची आणि नाक बिस्किटाच्या डब्यासारखं चेपायचं. बाप तिला बघून थुंकला आणि म्हणाला, "नाव तेवढं राहिलं."

मी लिहिताना गाड्यांची नावं पुटपुटतो आहे, ते ऐकून डॉक्टर फाउट्स विचारत आहेत की मृत्युपत्र चालू आहे की गाड्यांचं दुकान. पुढे जातो.

कलम ४. माझी स्वतःची त्र्याहत्तर. लांबलचक, सपाट, पुढचे दिवे झाकणाआड. तिचं आता काही शिल्लक नाही, मागच्या बंपरचा एक तुकडा सोडून. तो मी गाडून टाकला आहे. कुठे ते सांगणार नाही.

कलम ५. हे कलम मी तीन कणसं खाऊन लिहीत आहे, कारण टाळत होतो.

दोन वर्षांपूर्वी याच जत्रेत शेवटी दोनच गाड्या उरल्या. एक माझी त्र्याहत्तर, दुसरी बापाची पंचाहत्तर, जी त्या घराण्यातली शेवटची मोठी गाडी. बापाने सव्वीस वर्षांत एकदाही काठी मोडली नव्हती. त्याच्या गाडीतून वाफ येत होती, पुढचं एक चाक आडवं झालेलं. मी मैदानाच्या या टोकाला, गाडी रिव्हर्समध्ये, मान मागे वळवून. आम्ही मागच्या बाजूने मारतो, म्हणजे आपला रेडिएटर वाचतो.

"ये ना, गाढवा!" बाप ओरडला. "बघत काय बसलास? तुझी आई पण अशीच बघत बसायची!"

मी पाय दाबला. गाडी निम्म्यावर आली आणि बापाचा हात खिडकीतून बाहेर आला. त्याने काठी धरली आणि मोडली.

साहेब, मी पाहिलं. धूर नव्हता, ऊन डोळ्यांवर नव्हतं. एक, दोन, म्हणायला लागतो तेवढा वेळ माझ्याकडे होता. तेवढ्यात पाय उचलता येतो. मला सोयाबीनचं रान दिसलं. मी पाय उचलला नाही.

पांढरं दार गिअरच्या दांड्यापर्यंत आत गेलं. दाराच्या आत लोखंडी पट्टी होती, सगळेच लावतात, ती वाकून बापाच्या फासळ्यांत बसली. लोक पलीकडच्या बाजूला होते, त्यांना वाटलं गाडी चिखलात घसरून दारावर गेली; ते धावत येईपर्यंत मी चिखलातून काठीचे दोन तुकडे उचलून शर्टात घातले होते. बाप तीन दिवस जगला. शेवटच्या दिवशी खोलीत मी एकटाच होतो. त्याने विचारलं, "डोळे उघडे होते का?"

"हो, बाबा."

"मग ठीक."

बापाला पुरताना डॅरेलने माझं तोंड ओल्या मातीत दाबून धरलं. चौघांनी मिळून सोडवलं. "काठी मोडली होती का? बोल! बाबांनी मोडली होती का?" तोंडातून माती काढून मी म्हणालो, "नव्हती मोडली. बाबा कधी मोडतील का?" सगळ्यांनी मान डोलावली. बाप ताठ मानेने गेला म्हणून सगळे खूश. एकट्या डॅरेलने मान डोलावली नाही. त्याच दिवशी मी निघालो. केंटकी, नेब्रास्का, बीटची शेतं, जत्रांचे पाळणे. कुठेही दोन महिन्यांवर टिकलो नाही.

काठीचे दोन तुकडे कॉफीच्या डब्यात आहेत, आत्याच्या तळघरात, डावीकडच्या फळीवर. ते डॅरेलला द्यावेत. त्याचं खरं होतं.

कलम ६. आता मुख्य मालमत्ता. एक काळी इम्पीरियल, सहासष्ट सालची, चार दारांची, अजून एक ओरखडाही नसलेली. बापाने ती मरेपर्यंत वीस वर्षं ताडपत्रीखाली ठेवली, बंदी उठेल त्या दिवसासाठी. मोठ्या मुलाला जमीन आणि धाकट्याला ही, असं त्याने लिहून ठेवलं होतं. यंदा जत्रेला शंभर वर्षं झाली म्हणून उद्याच्या एका टकरीपुरती बंदी उठवली आहे. मी या गाडीसाठीच परत आलो, असं सगळ्यांना वाटतं.

डॅरेल बापाचीच पंचाहत्तर ठोकून सरळ करून आणतो आहे. दार तेवढं नवं. जुनं त्याने गॅरेजमध्ये टांगलं आहे. बुधवारी नाश्त्याच्या हॉटेलात तो माझ्या टेबलापाशी आला, माझी करंगळी धरली आणि उलटी वाकवली. मोडली. म्हणून अक्षर असं आहे.

"शनिवारी," तो म्हणाला, "मला काठीबिठी दिसणार नाही, वेड. तुला दिसली होती का?"

वेटर बाई म्हणाली, "डॅरेल, सोड त्याला, अंडी गार होतील." त्याने सोडलं. अंडी त्यानेच खाल्ली.

मी उद्या काय करणार ते लिहितो, म्हणजे मागाहून कोणी अपघात म्हणायला नको आणि खूनही म्हणायला नको. मी गाडी मैदानाच्या मधोमध नेईन, पांढरं दार डॅरेलच्या टोकाकडे करून इंजिन बंद करीन. दारातली लोखंडी पट्टी बापाच्या दारात होती तेवढ्याच जाडीची आहे, स्क्रूही तेवढेच. मला मरायची हौस नाही. आयोवात एक मुलगी आहे, तिला मी नदी दाखवायचं कबूल केलं आहे. डॅरेल पाय दाबेपर्यंत मी थांबेन. आधी काठी मोडली तर ते दया मागणं होईल. गाडी निम्म्यावर आली की हात बाहेर काढून मोडीन. त्यालाही तेवढाच वेळ मिळेल. एक, दोन. डोळे मी उघडे ठेवीन, म्हणजे त्याला दिसेल की मी त्याच्याकडे बघतो आहे.

त्याने पाय उचलला तर हा कागद ओपलबाई न वाचता कणसांच्या निखाऱ्यात टाकतील, तसं ठरलं आहे. मग डब्यातली काठी मीच त्याच्या हातात देईन आणि तोंडाने सांगीन.

कागद वाचला जात असेल तर त्याने पाय उचलला नाही. तेव्हा साक्षीदारांसमक्ष सांगतो की माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही, कोणी खटला भरू नये, कोणी त्याला कबरीपाशी काही विचारू नये.

दोन्ही प्रकारे गाडी डॅरेलची. अट एकच. त्याची मुलगी टेसी पाच वर्षांची आहे. तिला त्याने या गाडीत शेजारी बसवून रविवारी आइस्क्रीम खायला न्यावं, हळू, आणि वळणावर ती घाबरून डोळे मिटेल तेव्हा तिला मिटू द्यावेत.

डॅरेल, त्या दिवशी रानात तू आत बसलास तेव्हा मी कुंपणाशी उभा होतो. माझे डोळे मिटलेले होते. ते तुला कधी सांगितलं नाही.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, दुखऱ्या हाताने. साक्षीदारांनी तो वाचलेला नाही. मला सही करताना पाहिलं एवढंच.

(सही) वेड हार्लन प्रूइट

साक्षीदार:
१. (सही) नेड फाउट्स, गुरांचे डॉक्टर
२. (सही) ओपल स्ट्रिकलर, कणसांचा तंबू

जत्रेचं मैदान, टिल्सन काउंटी, इंडियाना
शुक्रवार, ९ ऑगस्ट १९९६, दुपारी

खाली, दुसऱ्या अक्षरात, पेन्सिलीने: निखारे तयार ठेवले होते. शनिवारी तीनपर्यंत वाट पाहिली. कागद व्हेल्माकडे दिला. — ओ. स्ट्रि.