पहिल्या बेसपर्यंत

बानी, डॉमिनिकन रिपब्लिक
१४ जून १९९३

चि. एलिहिओस,
नेरेइदाताईचे अनेक आशीर्वाद.

फोन केला नाही, कारण फोनवर तू नुसतं हो ताई, हो ताई करतोस आणि मागे टीव्ही चालू असतो. पत्र निदान हातात तरी धरावं लागेल.

परवाचा तुझा बेसबॉलचा सामना आम्ही बघितला. चौकातल्या दुकानात अख्खी आळी जमली होती. मीही मासे तळायची गाडी बंद ठेवून गेले. शेवटचा डाव, दोघं बाद, तिसऱ्या बेसवर तुमचा माणूस टपून बसलेला, आणि बॅट माझ्या भावाच्या हातात! तू मारलेला चेंडू सरपटत सरळ त्यांच्या माणसाकडे गेला. ठीक आहे, होतं असं. पण त्या बावळटाच्या हातून तो सुटला. परत उचलला, परत सुटला. दुकानात सगळे ओरडायला लागले की चेंडूच्या आधी पहिला बेस गाठ, धाव, धाव. आणि तू कुठे? अर्ध्या वाटेवर, हातमोजे काढत, बाजारातून भाजी घेऊन निघाल्यासारखा. त्यानं सावकाश तुला बाद केलं आणि सामना गेला.

ज्यांनी तुला बॅट धरायला शिकवली ते टोरिबिओ मास्तर टोपी घालून निघून गेले. न्हाव्यानं मात्र मला विचारलं की पाच वर्षांचे दोन कोटी डॉलर मिळतात ते चालण्याचे की मोजे काढण्याचे. सगळे खिदळले.

आई गेल्यावर ह्याच गल्लीत मी बाटलीची झाकणं फेकायचे आणि तू झाडूच्या दांड्यानं मारायचास. झाकण गटारात पडलं तरी धावत सुटायचास. तेव्हा पगार किती होता रे तुला?

लोभ आहेच. तो टिकवायचं काम ह्या खेपेला तुझं.
तुझी,
नेरेइदाताई


शिकागो, हॉटेलातून
२९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आशीर्वाद मागतो, रागातले दिलेस तरी चालतील.

पत्र वाचून खूप हसलो. अगं, वर्षाला एकशे बासष्ट सामने असतात. प्रत्येक फुसक्या चेंडूवर जीव घेऊन धावलो तर ऑगस्टमध्ये माझी हाडं तुला पोत्यात भरून मिळतील. शिवाय करार पक्का आहे. धावलो तरी तेवढेच, बसलो तरी तेवढेच. इथे कुणी त्याची लाज बाळगत नाही. माझ्या शेजारचा खेळाडू खांदा दुखतो म्हणून एप्रिलपासून गोल्फ खेळतो आहे. न्हाव्याला सांग, ते चालण्याचेच मिळतात, आणि त्याच्या कात्रीला जन्मात मिळणार नाहीत.

तुझ्यासाठी दोन दारांचा फ्रीज पाठवतो आहे. घरावर मजला चढवायचा का, तेही कळव. नाताळला येईन तेव्हा बकरीचं मटण मात्र तुझ्याच हातचं हवं.

वजन कमी करावं असं डॉक्टर म्हणतात. तू लोभ कमी करू नकोस.
तुझा,
एलिहिओ


बानी
१६ जुलै

चि. एलिहिओस,
आशीर्वाद, रीत म्हणून.

फ्रीज पोचला. दारातून आत जात नाही, म्हणून अंगणात उभा आहे. कोंबड्या त्याच्या सावलीत बसतात. न्हाव्याला तुझा निरोप दिला नाही. तो बिचारा कुणाचं डोकं अर्धं भादरून सोडून देत नाही.

नाताळला येऊ नकोस. मी थट्टा करत नाही. ज्याला बेसपर्यंत नव्वद फूट धावायचा कंटाळा येतो, त्यानं समुद्र ओलांडायची तसदी घेऊ नये. तू धावलेला दिसलास की बकरी कापीन, तोवर ती चरेल.

लोभ गोठवून ठेवला आहे. जागा आता पुष्कळ आहे.
नेरेइदाताई


हॉटेलातून
३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मनाला लागलं. आता खरं सांगतो. करार झाला त्याच वर्षी संघाच्या व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं की सोप्या चेंडूवर धावायचं नाही, बेसवर घसरायचं नाही, आणि हिवाळ्यात तुमच्या बेटावर जाऊन तर मुळीच खेळायचं नाही. माझ्या मांड्यांचा विमा उतरवलेला आहे. गावच्या मैदानावर मी का उतरत नाही ते आता कळलं ना? लोकांना वाटतं, मस्ती चढली.

पहिल्या वर्षी ह्याचा संताप आला. दुसऱ्या वर्षी सवय झाली. आता तिसऱ्या वर्षी बरं वाटायला लागलं आहे. तुझ्यापासून लपवून काय करू? पूर्वी बॅट हातात घेतली की पोटात भूक उठायची. आता पोट भरलेलं असतं. कपडे बदलायच्या खोलीत घरांच्या आणि गाड्यांच्या गोष्टी चालतात, सामन्याचं नाव कुणी काढत नाही. हरलो तरी जेवण तेच.

बंदी उठव ना ताई. नाताळच्या रात्री हॉटेलात बसून मी काय करू? दुसरं घर मला नाही.

राग ठेव, पण लोभही ठेव.
तुझा,
एलिहिओ


बानी
२० ऑगस्ट

चि. एलिहिओस,
आशीर्वाद.

मांडी त्यांची, विमा त्यांचा, मग तुझं काय रे? आपल्या शेजारच्या डॉन सेबेरोंचा झुंजीचा लाल कोंबडा आठवतो? इतका महाग घेतला की त्यांना तो झुंजीला सोडवेना. दाणे खाऊन खाऊन मेला आणि मटणही चिवट निघालं. तुझ्या मालकांना माझा नमस्कार सांग, आणि असा भाऊ मी त्यांना दिला नव्हता हेही सांग.

बंदी कायम. लोभाचं नंतर बघू.
नेरेइदाताई


इस्पितळातून
२७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला कळलंच असेल. आमचा संघ तळाला, सामन्याला काही अर्थ नाही, निम्मं स्टेडियम रिकामं. पुन्हा तसाच सरपटता चेंडू, सरळ त्यांच्या हातात. मी धावलो. बेसवर पाय टाकला आणि टाचेमागे कुणीतरी काठी हाणल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर मागे कुणीच नव्हतं. टाचेची नस तुटली होती. बाद तर झालोच होतो.

व्यवस्थापक अंगावर धावून आले, कुणी सांगितलं होतं पळायला म्हणून. काय सांगू त्यांना? माझे करार ठरवणारा दलाल खुशीत आहे. उरलेली दोन वर्षं नुसता पडून राहिलो तरी एक डॉलर कापला जाणार नाही म्हणे! चालता येईल असं डॉक्टर म्हणतात. धावण्याचं विचारलं की कागद चाळायला लागतात.

काल टीव्हीवर आमचाच सामना लागला होता. माझ्या जागी कुणी नवखा उभा होता, आणि त्याला एक साधा चेंडू मारता येईना. मी पलंगावर मुठी आवळून रडलो. मला भूक लागली आहे ग ताई, आणि आता नेमका पाय नाही.

ह्या वेळी लोभाला नाही म्हणू नकोस.
तुझा,
एलिहिओ


बानी
९ ऑक्टोबर

चि. एलिहिओस,
जेवढे असतील तेवढे सगळे आशीर्वाद.

न्हावी आणि मंडळी गाडीवर आली होती. आता त्यांचं म्हणणं असं की बाद होणारच होता तर धावला कशाला, कोट्यवधींचा पाय असा फुकट घालवतात का, मूर्ख कुठला! तीच तोंडं! मी तेलाचा झारा उचलला तेव्हा पांगली. टोरिबिओ मास्तर मात्र थांबले. त्यांनी एवढंच विचारलं की बेसवर पाय पूर्ण टेकला होता का. टेकला होता, असं मी म्हटलं. बरं म्हणाले आणि डोळे पुसत गेले.

तू लिहिलं नाहीस, पण तो पाय कुणाच्या पत्रांनी मोडला ते मला ठाऊक आहे. रोज वाटतं, जाडा, आळशी, चालणारा भाऊ काय वाईट होता? पण तू धावत सुटलास तेव्हा त्याच चौकातल्या दुकानात मी खुर्चीवर चढून ओरडत होते, हेही खरं. आणि त्याची मला लाज वाटत नाही. काय करू ते तूच सांग.

नाताळला ये. विमानतळावर मी येते. कुबड्या घेऊन उतरशील तेव्हा लोक बघतील, बघू देत. घाई करू नकोस. हळूहळू चालत ये, मी उभी असेन.

लोभ मागत जाऊ नकोस रे, तो कधी थांबलाच नव्हता.
तुझी,
ताई