नैऋत्येचा खड्डा

प्रिय सुधाअक्का,

फोनवर बोललो त्याला चार दिवस झाले. पावसानं तुमची विहीर गाळानं भरली, बांध फोडला म्हणून मामांनी सगळा दोष दाजींवर टाकला, बापलेकांचं बोलणं बंद आहे आणि दाजी एकटेच गाळ उपसायलेत, हे तू सांगत होतीस आणि मी नुसतं व्हय व्हय करत होतो. तुझी शेळी व्याली का, तेवढंही विचारायचं राहिलं.

तुला माझं काम कधी नीट सांगितलंच न्हाई. उदगीरची डाळमिल, हैदराबादचं हॉटेल, ट्रकवरची क्लीनरकी, कुठंच मी चार महिने टिकलो नाही. इथं नववा चालू आहे. प्लॉट पाडायला माळ खरवडतात ना, त्याआधी माती पावसात खाली वाहून जाऊ नये म्हणून आराखडा करून द्यावा लागतो. उतार मोजायचा, गवताचा पट्टा कुठं राखायचा, चर कुठून काढायचा ते ठरवायचं, आणि सगळ्यात खाली गाळखड्डा दाखवायचा. पाणी तिथं थांबतं, माती तळाला बसते, नितळ पाणी पुढं जातं. सही आमच्या ऑफिसच्या प्रभुलिंग सरांची, चालणं, मोजणं, काढणं माझं. दिवसभर चालायला मिळतं म्हणून मला आवडतं. एका कोपऱ्यात टिटवीची अंडी होती, ती अशी डोक्यावर ओरडत फिरली की मी लांबून वळसा घालून मोजलं. असो.

तुमच्या शेताच्या वरच्या अंगाचा माळ मीच मोजलाय. उतार नैऋत्येला, सरळ तुमच्या विहिरीकडं. खड्डाही मी तिथंच दाखवला होता. माळाचे मालक बसलिंगप्पा कागद बघून म्हणाले, "काय रे शिवा, नैऋत्येला खड्डा? घर बांधणारं माणूस हे बघून उठून जाईल. पाणी ईशान्येला पाहिजे, एवढं बी ठाऊक न्हाई?" मी म्हणालो, अण्णा, पाणी वास्तू बघून वाहत न्हाई. ते हसले, चहा मागवला. आणि चहा निवायच्या आत मी खड्डा ईशान्येला सरकवला. चर चढाकडं वळवला. सर गावाला गेले होते. आल्यावर त्यांनी माझ्या भरवशावर सही केली.

बुधवारच्या पावसात तो खड्डा कोरडाच राहिला. दाजींनी ट्रॅक्टरसाठी बांध फोडला हे खरं, पण तो विहिरीच्या खालच्या अंगाला. तिथून वर माती कशी चढेल? तुमचं रान काळं, विहिरीतला गाळ माळाच्या मातीसारखा लाल. काल मी येऊन बघून गेलो. दाजी कमरेएवढ्या गाळात उभे होते. मी हाक मारली नाही.

तिथून तडक सरांकडं जाऊन सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तवाच कामून न्हाई बोललास?" रात्रीतून नवा आराखडा करून दिला. उद्यापासून नैऋत्येला खोदायलेत. मला कामावर ठेवणार का, ते बोलले न्हाईत, मीही विचारलं नाही.

रविवारी गाळ काढायला येतोय. पण तू मला ओळखतेस. दारात मामा दिसले की मी सोयाबीनचं विचारीन, टिटवीचं सांगत बसेन, आणि दाजी मान खाली घालून तसेच गाळ उपसत राहतील. म्हणून हे लिहिलं. मी यायच्या आधी हे पत्र मामांना वाचून दाखव, दाजी समोर असताना. एकही ओळ सोडू नकोस.

तुझाच,
शिवराज