बिस्किटांचा डबा आणि द्रिसचे ताट

सर्वप्रथम, ज्याची दाद कोणत्याही न्यायासनापुढे मागता येत नाही असा एक अन्याय नोंदवतो: माझा मुसलमान शेजारी द्रिस बेनजलून दरवर्षी माझी बडीशेपेची बिस्किटे खातो. पेसाहच्या सणात आम्हा यहुद्यांच्या घरात खमिराचा कणही चालत नाही, म्हणून पीठ-बिस्किटे मी त्याला रीतसर विकतो आणि सण संपला की परत घेतो. डबा परत येतो. आत फक्त बडीशेप. विचारले तर म्हणतो, "अरे मखलूफ, विकत घेतलेला माल माणूस बघत बसतो काय?" शास्त्रार्थ बिनतोड आहे.

मी मखलूफ हारून अझेरद, वय छप्पन्न, झुब्बे शिवणारा, राहणार सफ्रू, मोरोक्को, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टर म्हणतात. द्रिस साशंक आहे. सोमवारी फास शहरातल्या इस्पितळात माझ्या पोटावर शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

कलम १. राहते घर माझी कन्या सुलीका, मुक्काम मार्सेय, फ्रान्स, हिला. फोनवर तिचे पालुपद एकच: "बाबा, विकून टाका ना! फ्रेंच माणूस हॉटेल करायचं म्हणतोय. त्या गल्लीत आपलं उरलंय कोण?" घर तुझेच, पोरी. अट मात्र कलम ४ मध्ये आहे, ती वाचल्याशिवाय किल्ली फिरवू नये.

कलम २. शिलाई मशीन व मोठी कात्री नईमाला. माझ्या हाताखाली शिकली, आता माझ्याहून सरस शिवते. गळपट्टी अजून वाकडी लावते, हे तिने मनावर घ्यावे.

कलम ३. मेहुणे शलोम यांनी भर पंगतीत माझ्या माशाचा रस्सा खारट ठरवला होता. त्यांना माझी मिठाची बरणी, भरलेली.

चहाची पितळी किटली द्रिसला ठेवणार होतो. वकील म्हणाले, ज्याला लाभ तो साक्षीदार चालत नाही. द्रिसने क्षणभरही विचार केला नाही. "किटली घाल चुलीत. मला सही करू दे." तस्मात् किटलीही सुलीकाला.

कलम ४. पेसाह संपतो त्या संध्याकाळी द्रिस ताट घेऊन येतो: पीठ, खमीर, लोणी, गव्हाच्या हिरव्या ओंब्या. त्या पिठाची पहिली पोळी आमच्या घरी भाजतात आणि दोन्ही घरे खातात. त्याचा बाप माझ्या बापाकडे असाच येई. सुलीका, घराचे हॉटेल कर, काहीही कर. पण वर्षातून त्या एका संध्याकाळी इथे ये आणि दार तू उघड.

शस्त्रक्रियेची भीती मला फारशी नाही. द्रिसचे गुडघे गेलेत, तरी तो ताट घेऊन येणारच. तो दार वाजवत उभा राहील आणि आत कोणी नसेल, याची मला फार काळजी वाटते.

सही: मखलूफ हारून अझेरद
साक्षीदार: द्रिस बेनजलून, शेजारी
साक्षीदार: शाया बोतबोल, शिक्षक, फास
सफ्रू, २ एप्रिल १९९८ (निसान ६, ५७५८)